मदत हवी आहे : दाताभोवतीचे हाड जीवाणू झिजवतात की आपलीच प्रतिकारशक्ती?

नमस्कार. गेल्या महिन्यात दंतवैद्यांनी खुणा केलेली बारीक सळई दात आणि हिरडी यांच्या फटीत हलकेच घालून मोजमाप घेतले, तेव्हा निरोगी हिरडीत 1 ते 3 मिलिमीटर असणारी खोली माझ्या मागच्या दोन दाढांजवळ 5 मिलिमीटर भरली. दुखत काहीच नव्हते. चूळ भरताना कधीतरी पाण्याला गुलाबी छटा दिसे, तेवढेच.

दातांवर साचणाऱ्या जीवाणूंच्या चिकट थरामुळे हिरडी सुजते, हे वाचून समजले. 1965 साली प्रसिद्ध झालेल्या हॅराल्ड लो यांच्या प्रयोगात निरोगी व्यक्तींनी दात घासणे थांबवल्यावर साधारण तीन आठवड्यांत हिरड्या सुजल्या आणि पुन्हा घासू लागताच बऱ्याही झाल्या. माझे अडते ते पुढे. जीवाणूंना रोखायला आलेल्या पांढऱ्या पेशींनी सोडलेल्या विकरांमुळेच दात धरून ठेवणारे तंतू तुटत असतील आणि दाहाच्या संकेतांनी हाड झिजवणाऱ्या पेशी जाग्या होत असतील, तर बरेचसे नुकसान राखणदारानेच केले म्हणायचे!

मग थर सारखाच असूनही काहींची सूज हिरडीपुरती का राहते आणि काहींचे हाड का झिजते? धूम्रपान आणि मधुमेह ही कारणे मला लागू नाहीत. शिवाय, मुळांच्या खोल सफाईनंतर फट कमी भरते, ती हिरडी दाताला पुन्हा चिकटल्यामुळे की केवळ सूज उतरल्यामुळे? सफाई पुढच्या आठवड्यात आहे. त्याआधी जाणकारांनी, विशेषतः दंतवैद्यकातील सदस्यांनी, सविस्तर सांगावे ही विनंती.