मिनेसोटाचा ध्वज बदलला म्हणजे इतिहास पुसला का?

सेंटपॉलकर:
डुलुथच्या काकांनी काल येथे लिहिले की, आपल्या मिनेसोटा राज्याने १८९३ पासून चालत आलेला ध्वज उतरवून त्या जागी ‘बँकेचे बोधचिन्ह’ चढवले आणि स्वतःचा इतिहास पुसला. ते वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. काका, जुन्या ध्वजावरची राज्याची मुद्रा आपण कधी जवळून पाहिली आहे का? पुढे नांगर धरलेला शेतकरी, शेजारच्या बुंध्याला टेकवलेली त्याची बंदूक आणि मागे घोड्यावरून जाणारा मूळ रहिवासी. हा अर्थ आम्ही आज ओढूनताणून लावलेला नाही. मुद्रेचे चित्र काढणाऱ्या सेथ ईस्टमन यांच्या पत्नीने त्यावर कविता लिहिली होती आणि तिच्यात त्या तरुण योद्ध्याला ‘वाट सोड’ असेच बजावले आहे.

२६ डिसेंबर १८६२ रोजी आपल्याच राज्यातल्या मँकॅटो येथे डकोटा या मूळ रहिवासी जमातीच्या ३८ पुरुषांना एकाच वेळी फाशी दिली गेली आणि पुढच्याच वर्षी डकोटांना राज्याबाहेर हाकलण्यात आले. काही वर्षांपूर्वी मुलीला घेऊन मी तेथील स्मारकाला गेलो होतो. चुनखडीत कोरलेला भलामोठा बायसन आहे आणि जवळच त्या अडतीस जणांची नावे आहेत. मुलगी ती अडखळत मोठ्याने वाचू लागली आणि पाच-सहा नावांनंतर थांबली. सोमवारी तिला शाळेत सोडताना दारातल्या खांबावर तीच मुद्रा फडकत होती. त्या दिवसापासून मला तो ध्वज आपला वाटला नाही.

डुलुथचे काका:
एकतीस वर्षांपूर्वी आम्ही उभयतांनी नागरिकत्वाची शपथ घेतली, त्या दिवशीच्या छायाचित्रात आमच्या मागे तोच निळा ध्वज आहे. त्यालाच आपण अपराधी ठरवता, याचे दुःख होते. मुद्रेतला घोडेस्वार आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आला नव्हता. इतके बारीक चित्र पाहतो कोण? आणि बदलायचेच होते तर लोकांना विचारायला हवे होते. नेमलेल्या समितीने ठरवले आणि ११ मे २०२४ पासून ध्वज बदलला. मेन राज्याने त्याच वर्षी मत घेतले, तेव्हा लोकांनी पाइन वृक्षाचा ध्वज नाकारून जुनाच ठेवला.

सेंटपॉलकर:
जे कोणी पाहत नाही, ते ध्वजावर हवे कशाला? अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या पलटणींच्या निशाणांसारखे निळे कापड घेऊन त्यावर मुद्रा छापायची, असे वीसेक राज्यांनी केले आणि दुरून एकाचा ध्वज दुसऱ्यापासून ओळखू येईना. मताविषयी म्हणाल, तर मिसिसिपीने २००१ मध्ये मत घेतले होते. दोन-तृतीयांशाच्या जवळपास लोकांनी दक्षिणेच्या बंडखोर सैन्याचे चिन्ह कायम ठेवले आणि ते उतरायला २०२० उजाडले. तोपर्यंत तेथल्या कृष्णवर्णीयांनी त्याच्याखालीच न्यायालयात जायचे होते का?

बाल्टिमोरकर:
दोघेही टोकाला जात आहात. आमच्या मेरीलँडचा ध्वज पाहा. कॅल्व्हर्ट घराण्याचे काळे-सोनेरी पट्टे आणि क्रॉसलँड घराण्याचा लाल-पांढरा क्रूस. यादवीत दक्षिणेचे पक्षपाती लाल-पांढरा रंग मिरवत, तर काळा-सोनेरी रंग उत्तरेच्या बाजूचा मानला जाई. युद्धानंतर दोन्ही एकाच कापडावर आले आणि १९०४ मध्ये त्याला कायद्याची मान्यता मिळाली. जखम अशीही शिवता येते.

सांता_फे:
त्या दोन्ही बाजू स्वतंत्र गोऱ्यांच्या होत्या, बाल्टिमोरकर. त्याच राज्यात गुलाम म्हणून राबवलेल्या माणसांचा रंग त्या कापडावर कोठे आहे? साधे आणि सुंदर काय असते, ते न्यू मेक्सिकोत पाहावे. पिवळ्यावर लाल सूर्य, बाकी काही नाही. २००१ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या ध्वज-अभ्यासकांच्या संघटनेने केलेल्या पाहणीत तो पहिला आला होता.

सेंटपॉलकर:
तो सूर्य झिया पुएब्लो या तिथल्या मूळ रहिवासी समाजाचा आहे आणि तो घेताना त्यांना कोणी विचारले नव्हते. सांता फेतल्या हॅरी मेरा या डॉक्टरांनी संग्रहालयातल्या झिया घटावरून तो उचलला आणि १९२५ मध्ये तो राज्याचा झाला. चार दिशा, चार ऋतू, दिवसाचे चार प्रहर, आयुष्याचे चार टप्पे, असे ज्यांचे ते पवित्र चिन्ह, त्यांना भरपाई मागत फिरावे लागले.

सांता_फे:
आपल्याला प्रत्येक चांगल्या वस्तूत चोरीच दिसते! मी येथे राहतो, आपण नाही. लोक या चिन्हावर जीव टाकतात. मोटारींच्या पाट्यांवर, दारांवर, कपांवर ते मायेने लावतात.

सेंटपॉलकर:
माया आहे, हे मान्य. पण तिने परवानगीची जागा घेतली का? मिनेसोटाच्या नव्या ध्वजातला फिकट निळा रंग पाण्याचा आहे आणि ‘मिनेसोटा’ हे नावही आभाळ दाखवणाऱ्या पाण्यावरून डकोटांनी ठेवलेले.

सांता_फे:
एक गोष्ट सांगतो, मग मी थांबतो. येथल्या गव्हर्नर्स पॅलेस या जुन्या वाड्याच्या ओसरीवर मूळ रहिवासी कारागीर चादर पसरून बसतात. गेल्या उन्हाळ्यात तेथे एका वृद्ध बाईंकडून मी घट घेतला. त्यावर पक्षी होता. सूर्य का नाही, असे मी विचारले. तो राज्याने आधीच घेतला आहे, एवढेच त्या म्हणाल्या आणि घट कागदात गुंडाळू लागल्या. चिन्ह कोणाचे, हे मलाही कळते, सेंटपॉलकर. मला राग आपल्या बोलण्याच्या सुराचा आला.

डुलुथचे काका:
काल रात्री भिंग घेऊन ते छायाचित्र पाहिले. कापडाच्या घडीत घोडा दिसतो, स्वार दिसत नाही. मुद्रा बदलायला हवी होती, एवढे मी मानतो. मत घ्यायला हवे होते, हे माझे म्हणणे मी मागे घेत नाही, आणि छायाचित्रही भिंतीवरून उतरवणार नाही.