सम-विषम आकाश: सगळ्या जगाला एकच नियम का नको?

गच्चीवरचा_कोपरखैरणेकर
उन्हाळ्यात कुरडया राखत गच्चीवर बसलो होतो. भाचा मोबाइलवर वरून जाणाऱ्या विमानांची उंची वाचून दाखवत होता. ईशान्येला निघालेलं ३५,००० फुटांवर, नैऋत्येला निघालेलं ३६,०००. दहा-बारा विमानांनंतर गंमत कळली. मार्ग ० ते १७९ अंशांत, म्हणजे पूर्वेच्या अर्ध्यात असेल तर हजारांचा आकडा विषम, १८० ते ३५९ असेल तर सम. समोरासमोर येणाऱ्यांत आपोआप हजार फूट.

इतकं सोपं. पण मग वाचत गेलो आणि डोकं फिरलं. फ्रान्स, इटली, स्पेन, पोर्तुगालने हेच वर्तुळ आडवं कापलंय: दक्षिणेच्या अर्ध्यात जाणारे विषम, उत्तरेच्या अर्ध्यात जाणारे सम. न्यूझीलंडनेही आडवंच कापलं, पण उलट, तिथे उत्तरेला विषम. चीनमध्ये तर उंची मीटरमध्ये! माझं मत, हा निव्वळ हट्ट आहे. रस्त्यावर कुणी डावीकडून चालतो, कुणी उजवीकडून, ते चालून जातं, कारण आपली गाडी काही रोज देश ओलांडत नाही. विमान जेवणाचे ट्रे गोळा होईस्तोवर दोन देश मागे टाकतं.

नौपाडा_नकाशे
काका, हट्ट नाही, भूगोल आहे. आपण ठाणे पूर्व, ठाणे पश्चिम म्हणतो ते रूळ साधारण उत्तर-दक्षिण गेलेत म्हणून. रूळ आडवे असते तर ठाणे उत्तर आणि ठाणे दक्षिण म्हटलं असतं.

पॅरिसहून बघा. माद्रिद नैऋत्येला, नीस आग्नेयेला, बार्सिलोना जवळपास नाकासमोर दक्षिणेला. तुमचा नियम लावला तर एकाच दिशेने, सुट्टीला खाली निघालेल्या या गर्दीतली काही विमानं सम, काही विषम, आणि बार्सिलोनाचं मार्गातल्या प्रत्येक वळणाला इकडून तिकडे. आडवं कापलं की खाली जाणारे सगळे विषम, भानगड मिटली. ऑकलंड आणि वेलिंग्टन तर जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. आपल्याकडे मुंबई-अहमदाबादची सरळ रेघ मारा, उत्तरेच्या किंचित डावीकडे जाते, म्हणजे सम. एखाद्या टप्प्यात मार्ग पाच अंश उजवीकडे कलला की विषम. ही डोकेदुखी आपल्याला एखाद-दुसऱ्या मार्गावर, त्यांना रोजची.

गच्चीवरचा_कोपरखैरणेकर
बरं, पण सीमेवर काय? जर्मनीतून नैऋत्येला सम उंचीवर आलेलं विमान फ्रान्समध्ये शिरलं की विषम व्हायला हवं. म्हणजे वेशीवर हजार फूट चढा किंवा उतरा. तुमच्या भूगोलाचं भाडं शेजाऱ्याने भरायचं?

मीटरवाला_वाशी
चीनला नावं ठेवताना जरा दमानं. आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, पाचव्या परिशिष्टात उंचीचं मूळ एकक मीटरच आहे. फूट ही 'तात्पुरती' पर्यायी सवलत, आणि ती कधी संपणार याची तारीखच ठरलेली नाही. आमच्या सोसायटीतल्या तात्पुरत्या पत्र्याच्या शेडसारखं. आपण दूध लिटरने घेतो, घोडबंदर रोड किलोमीटरने मोजतो, आणि जमीन सुटली की फुटांत. हट्टी कोण?

स्पष्ट_ठाणेकर
चरखी दादरीवरची दोन विमानांची टक्कर विसरलात वाटतं. मीटर-फुटाच्या घोळात ३४९ माणसं गेली.

नौपाडा_नकाशे
@स्पष्ट_ठाणेकर, हे दर वेळी ऐकतो, म्हणून सविस्तर. १२ नोव्हेंबर १९९६. दिल्लीकडे उतरणाऱ्या कझाक विमानाला १५,००० फूट दिले होते, नुकत्याच उडालेल्या सौदी विमानाला १४,०००. कझाक विमान १५,००० वर न थांबता खाली आलं, चौकशीत ठपका त्यावरच आला. सम-विषमचा तिथे संबंधच नव्हता, दोन्ही विमानं चढण-उतरणीवर होती.

उदाहरण हवंच तर ब्राझीलचं घ्या, २९ सप्टेंबर २००६. एक छोटं एम्ब्रेअर जेट मनाउसला निघालेलं, ३७,००० वर. राजधानी ब्राझिलियापर्यंत ते बरोबर होतं. तिथे मार्ग वायव्येला वळला, म्हणजे सम हवं, आणि फ्लाइट प्लॅनमध्ये ३६,००० लिहिलंही होतं. जेट ३७,००० वरच राहिलं. समोरून मनाउसहून येणारं बोइंगही ३७,००० वर, आपल्या जागी अगदी योग्य. बोइंगमधले सगळे १५४ गेले. जेट मोडक्या पंखाने उतरलं. देश एक, नियम एक, एकक एक.

गच्चीवरचा_कोपरखैरणेकर
हे वाचून हातातला चहा गार झाला. पण एकाच देशात हे होऊ शकतं, तर नियम बदलत्या सीमांवर किती सहज होईल? उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

पाचपाखाडी_निवृत्त
वीसेक वर्षं फ्लाइट प्लॅन बनवण्यात गेली, म्हणून तोंड घालतो. तुम्ही दोघं नियमाला दगडावरची रेघ समजताय. २९,००० च्या वर पूर्वी दोन विमानांत दोन हजार फूट ठेवायचे, कारण तेव्हाच्या उंचीमापकांवर तितका भरवसा नव्हता. त्यामुळे वर सम आकडे वापरातच नव्हते: पूर्वेला २९, ३३, ३७ हजार, पश्चिमेला ३१, ३५, ३९. २७ नोव्हेंबर २००३ ला आपल्याकडे हजार फुटांचं अंतर आलं आणि ३५,००० एका रात्रीत पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलं. सकाळी तक्ता तीनदा वाचून मगच पेन उचललं होतं. अमेरिकेने हेच २००५ मध्ये केलं, म्हणजे एक वर्षाहून जास्त काळ आपला तक्ता वेगळा, त्यांचा वेगळा. विमानं उडत होती.

शिवाय सम-विषम हा आरंभ. रडारवर दिसणाऱ्या विमानाला कंट्रोलर सोयीने उलटा आकडाही देतो. सीमेवरची अदलाबदल शेजारची केंद्रं आधीच ठरवून ठेवतात, वैमानिक वेशीवर दचकत नाही. चीनमध्येही कंट्रोलर १०,१०० मीटर म्हणतो आणि वैमानिक तक्त्यात बघून ३३,१०० फूट लावतो.

नौपाडाकरांनी ब्राझीलबद्दल एक सांगितलं नाही. दोन्ही विमानं मार्गाच्या मधल्या रेघेवर इतकी काटेकोर होती, म्हणूनच भिडली. जुन्या काळात दोघांचीही थोडी-थोडी चूक असती आणि बहुधा बाजूने निघून गेली असती. म्हणून आता महासागरांवर मुद्दाम रेघेच्या उजवीकडे दोन सागरी मैलांपर्यंत सरकून उडायची मुभा असते. आकडे एक करण्यापेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं.

गच्चीवरचा_कोपरखैरणेकर
फ्रान्स आणि न्यूझीलंडवरचा 'हट्ट' मागे घेतो. मीटरवर नाही. रशियानेसुद्धा २०११ मध्ये वरच्या उंचीला फूट घेतले. चीनला काय अडचण?

मीटरवाला_वाशी
रशियाने शेड पक्की केली म्हणून आम्ही का करायची?