कॉलेजात समुपदेशक आधी, की एसटी, मेस आणि शिष्यवृत्ती आधी?

तासिकावाला
विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निर्देश दिले. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील त्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा, हा त्यातला एक. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात (नाव घेत नाही) त्यावर झालं काय, तर मानसशास्त्राच्या मॅडमकडे अतिरिक्त कार्यभार आला, खोलीला पाटी लागली, पाटीचा फोटो कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या फायलीत गेला.

समुपदेशकाला माझा विरोध नाही. पण क्रम चुकतोय. माझ्या वर्गातली अर्धी मुलं दुपारच्या तासाला नसतात, कारण गावाकडची एसटी अडीचला आणि पुढची थेट संध्याकाळी. मुलींचा पास बारावीपर्यंत फुकट, एफवायला आल्या की पैसे. वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधारमधून पुण्या-मुंबईला वर्षाला ६० हजार, जिल्ह्याच्या गावी ४३ हजार मिळतात, कागदावर उत्तम योजना. पण घरमालक भाडं दर महिन्याला मागतो आणि आमच्याकडच्या पोरांचा हप्ता परीक्षा उरकल्यावर येतो. तोवर मेसवाल्याची उधारी. अशा पोराला 'दीर्घ श्वास घे' सांगायला माणूस नेमायचा का?

कोथरूडकरीण
दीर्घ श्वास! समुपदेशन म्हणजे एवढंच वाटतं तुम्हाला? मी हेच काम करते, म्हणून जरा लागलं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे २०२२ चे आकडे बघा. देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि राज्यांत महाराष्ट्र पहिला, १,७६४. ही सगळी मुलं मेसच्या उधारीने खचली होती असं म्हणणार का? मेसचे पैसे वेळेवर भरणारी, घरी कुणी रागावत नाही अशी मुलंही येतात. चार विषय राहिलेत हे घरी सांगता येत नाही, प्रेमात फसवणूक झाली, शहरातल्या इंग्रजीपुढे तोंड उघडत नाही. यांना एसटी वेळेवर सोडून काय उपयोग?

फुकटचा सल्ला
मग १४४१६ आहे की. टेलिमानस, मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, मराठीतही बोलतात. कॉलेजने खर्च कशाला करायचा?

कोथरूडकरीण
नंबर प्रत्येक वर्गात लावाच. पण फोनवरचा माणूस 'या मुलीला पंधरा दिवस हजेरीत सवलत द्या' असं प्राचार्यांना सांगू शकत नाही. ते आत बसलेल्या माणसालाच जमतं.

निवृत्त अण्णा
आम्ही 'कमवा व शिका'त कॉलेजच्या बागेला पाणी घातलं, ग्रंथालयाची पुस्तकं पुसली, रात्री अभ्यास केला. समुपदेशक कुठे होता? हल्लीच्या मुलांना जरा खुट्ट झालं की 'डिप्रेशन'.

एसवायबीए
अण्णा, तेव्हा फी किती होती आणि बीए झाल्यावर नोकरी किती दिवसांत लागली, तेही लिहा ना.

बाकी सगळे आमच्याबद्दल बोलताय, म्हणून सांगते. आमच्याकडे समुपदेशन कक्ष प्राचार्यांच्या केबिनला लागून आहे. दारात शिपाई, समोर क्लार्क, बाकावर कुणाचे तरी पालक. आत गेलं की संध्याकाळपर्यंत गावात बातमी. शिवाय ज्या मॅडम ऐकणार त्याच अंतर्गत गुण देणार. कोण जाईल?

आणि मला मेसही पहिली नको. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही आणि नळाला पाणी नाही. कॉलेजला आले की मी घरी जाईपर्यंत पाणी पीत नाही. पाळीच्या दिवसांत सरळ दांडी मारते, मग हजेरी कमी म्हणून नोटीस येते. हे कुठल्या खात्यात बसतं ते तुम्ही ठरवा.

तासिकावाला
मी तेच म्हणतोय. कडी काय समुपदेशक लावणार आहे?

कोथरूडकरीण
लावणार नाही, पण मुली पाणी पीत नाहीत हे पहिल्या महिन्यात लेखी वर कळवेल. आज ते कळवणं कुणाचं काम आहे?

एसवायबीए
वर कळलंय, ताई. तक्रारपेटीत चिठ्ठ्या टाकल्यात. पेटीची किल्ली ऑफिसातच असते.

संस्थेतला
मी एका संस्थेत काम करतो, शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. विनाअनुदानित तुकड्यांवर पूर्णवेळ समुपदेशक परवडत नाही. एका तालुक्यातल्या चार कॉलेजांनी मिळून एक नेमावा, प्रत्येकाकडे ठरलेला वार. कडी-पाण्याचा विषय कॉलेज विकास समितीत आणा. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे तिथे विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव सदस्य असतात.

एसवायबीए
परिषदेची निवडणूक आमच्याकडे मी आल्यापासून झाली नाही. खुर्ची आहे, बसायला माणूस नाही.

कोथरूडकरीण
ठरलेला वार म्हणजे मुलांनी मंगळवारीच खचायचं का? निदान निकालाच्या आणि फॉर्म भरायच्या आठवड्यात तो माणूस रोज हवा. त्याच्याकडे गुणांचा अधिकार नको आणि नोंदी ऑफिसच्या कपाटात नकोत. या दोन अटी नसतील तर पाटी काढून टाका.

तासिकावाला
दोन्ही अटी मान्य. तरी माझा क्रम तोच: आधी आगार व्यवस्थापकाकडे एसटीच्या वेळेचा अर्ज, कडी, पाणी, मग नेमणूक. पहिल्या तिन्हीला वर्षाच्या पगाराची तरतूद लागत नाही, या सत्रात होऊ शकतं.

आणि नेमाल तेव्हा कृपा करून आमच्यासारखं तासिका तत्त्वावर नेमू नका. माझं ऑगस्टचं मानधन फेब्रुवारीत येतं. तशा पगारावर माणूस दिवाळीपर्यंत टिकेल, आणि ज्या पोरीने त्याला नुकतं कुठे सांगायला सुरुवात केली असेल, तिने पुन्हा नव्या माणसापुढे पहिल्यापासून सगळं सांगायचं.