मदत हवी आहे: लिनक्स राउटरला आठ कोअर, पण रात्री सगळा लोड एकाच कोअरवर

नमस्कार मंडळी, नेटवर्किंगवाल्यांची मदत हवी आहे. थोडं सविस्तर लिहितोय, अर्धवट माहितीवर कोण काय सांगणार.

तालुक्याच्या गावात एका छोट्या इंटरनेट प्रोव्हायडरचं नेटवर्क मी बघतो. दोनेक हजार घरगुती कनेक्शन, सगळी पीपीपीओईवर (ग्राहकाला लॉगिन करून जोडायची पद्धत), आणि पीपीपीओई, नॅट (अनेक ग्राहकांना मोजक्या आयपी ॲड्रेसवरून बाहेर नेणं), राउटिंग असं सगळं एकच डेबियनचा सर्व्हर करतो. आठ कोअरचा एक प्रोसेसर, हायपरथ्रेडिंग बंद, दोन पोर्टचं दहा गिगाबिटचं कार्ड, एक पोर्ट अपलिंकला, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटकडे, आणि एक ग्राहकांकडे. दिवसा काही त्रास नाही, पण रात्री आठनंतर ट्रॅफिक तीन गिगाबिटच्या वर गेलं की पिंग वाढतो, पॅकेट ड्रॉप व्हायला लागतात आणि ऑफिसचा फोन थांबत नाही. लोकांचं घरून काम, पोरांचे क्लास सगळं ह्याच लाइनवर आहे, म्हणून मला हे नुसतं रीस्टार्ट मारून ढकलायचं नाहीये.

टॉप उघडून 1 दाबलं की दिसतं, एक कोअर सॉफ्टआयआरक्यूमध्ये (कर्नलचं आलेली पॅकेट हाताळायचं काम) 100 टक्के, ते काम करणारी केसॉफ्टआयआरक्यूडी प्रोसेस सगळ्यात वर, आणि बाकीचे सात जवळजवळ रिकामे. इंटरप्टचे (पॅकेट आलं की कार्ड कोअरला देतं त्या हाकेचे) आकडे बघितले तर अपलिंक पोर्टच्या आठही क्यू, म्हणजे पॅकेटच्या रांगा, छान समान वाढतात, पण ग्राहकांच्या पोर्टला पण आठ क्यू असून फक्त शून्य नंबरची वाढते, बाकीच्या ढिम्म. आयआरक्यूबॅलन्स (इंटरप्ट कोअरांमध्ये वाटणारा प्रोग्राम) चालू ठेवला तर तोच लोड ह्या कोअरवरून त्या कोअरवर जातो, वाटला काही जात नाही.

असं का होतंय? पॅकेट पाळीपाळीने प्रत्येक कोअरला देता येतील का? आणि मालक म्हणतायत दोन प्रोसेसरचा सर्व्हर घेऊ, त्याने फरक पडेल का, की पैसे वाया जातील?

प्रतिसाद १

दादा, खर्च थांबवा आधी. कार्ड कुठलं पॅकेट कुठल्या क्यूत टाकायचं हे आयपी ॲड्रेस आणि पोर्ट नंबरच्या हॅशवरून (त्यांच्यापासून काढलेल्या एका आकड्यावरून) ठरवतं. अपलिंककडून साधं आयपी येतं म्हणून तिथे वाटणी बरोबर होते. ग्राहकांकडून येणारं पॅकेट पीपीपीओईच्या वेष्टणात असतं, बऱ्याच कार्डांना त्याच्या आतला आयपी हेडर दिसतच नाही, मग सगळं क्यू शून्यमध्ये. अपलोड कमी आहे म्हणून दुर्लक्ष करू नका, डाउनलोडचे ॲक (पॅकेट मिळाल्याची पोच) त्याच वाटेने जातात, ते अडकले की डाउनलोड पण बसतं. आणि राउटरला मेगाबिटपेक्षा पॅकेटची संख्या जड जाते, 64 बाइटचं असो की 1500 चं, रूट शोधणं आणि कॉनट्रॅक (चालू कनेक्शनची नोंद ठेवणं) तेवढंच करावं लागतं.

पाळीपाळीने अजिबात वाटू नका. एकाच कनेक्शनची पॅकेट वेगवेगळ्या कोअरवरून मागेपुढे पोचली की टीसीपीला वाटतं मधलं हरवलं, तो परत पाठवतो आणि स्पीड कमी करतो. एक फ्लो, म्हणजे एका कनेक्शनची सगळी पॅकेट, एकाच कोअरवर राहिला पाहिजे.

तुम्हाला हवंय ते आरपीएस (आलेली पॅकेट सॉफ्टवेअरने कोअरांवर वाटायची सोय), लिनक्स कर्नल 2.6.35 पासून म्हणजे 2010 पासून आहे. ह्यात हॅश कर्नल स्वतः काढतो आणि त्याला पीपीपीओईच्या आतलं दिसतं. ग्राहकांच्या पोर्टच्या आरएक्स-0 क्यूच्या आरपीएस-सीपीयूज फाइलमध्ये मास्क (कुठले कोअर वापरायचे ते सांगणारा हेक्स आकडा) लिहा. इंटरप्ट कोअर शून्यवर पक्का करा, आयआरक्यूबॅलन्स बंद ठेवा आणि मास्क एफई द्या, म्हणजे शून्य सोडून बाकी सातांवर काम जाईल. नेटडेव्ह-मॅक्स-बॅकलॉग (थांबलेल्या पॅकेटच्या रांगेची मर्यादा) मूळचा 1000 असतो, तो वाढवा, कारण आरपीएसने वाटलेली पॅकेट त्याच रांगेत थांबतात.

दोन प्रोसेसरचं म्हणाल तर कार्ड एकाच प्रोसेसरच्या स्लॉटला असतं, दुसऱ्यावर काम गेलं की मेमरीसाठी मधली लिंक ओलांडावी लागते. शिवाय हॅशचा प्रश्न तसाच राहणार. राउटरला जास्त क्लॉकचा एकच प्रोसेसर बरा.

धागाकर्ता

खूप आभार भाऊ, क्यू शून्यचं कोडं आत्ता सुटलं. पहाटे ट्रॅफिक कमी असताना मास्क लावतो. एकच विचारायचं होतं, आरपीएस खरंच वाटणी करतंय हे रात्री कुठे बघू?

प्रतिसाद १

कर्नलच्या सॉफ्टनेट-स्टॅट फाइलमध्ये. प्रत्येक कोअरची एक ओळ असते, आकडे हेक्समध्ये. दुसरा रकाना ड्रॉप, तिसरा वेळ संपून काम राहिलं त्याचा, आणि दहावा आरपीएसचा. दहावा सातही ओळींत वाढायला हवा, दुसरा थांबायला हवा. रात्री नऊचे आकडे इथे टाका.