'मंदीत घाबरू नका' म्हणणाऱ्यांना एक लांबलेलं उत्तर

बिनपगारी फुल अधिकारी

गेल्या आठवड्यात जुनाजाणता यांनी 'मंदीत घाबरू नका' हा लेख टाकला. ज्यांचा सुटला त्यांच्यासाठी सारांश: सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढून ठेवा, हॉटेल बंद करा, कामवाल्या मावशींना सुट्टी द्या, पहाटे उठून प्राणायाम करा, आणि 'आमच्या पिढीने हप्त्यावर संसार केला नाही'. खाली लोकांनी हात जोडलेत. मी तिथेच उत्तर लिहायला बसलो, ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

वय 44. हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये एकोणीस वर्षं काढली. जुलै 2025 मध्ये टीसीएसने दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हा आमच्या कॅन्टीनमध्ये (कंपनी वेगळी, नाव सांगत नाही) सगळ्यांचं एकमत होतं की आपल्याकडे असलं काही होत नाही. ऑगस्टअखेर एचआरने बोलावलं. टेबलावर माझ्यासाठी पाण्याची बाटली ठेवली होती, झाकण आधीच उघडलेलं. स्वतःहून राजीनामा दिलात तर अनुभवपत्र स्वच्छ मिळेल, म्हणाले. विचाराला वीस मिनिटं दिली, मी दहाच घेतली. म्हणजे कागदोपत्री मला कुणी काढलेलंच नाही.

आता तुमचे सहा महिने. ठेवले होते हो! वडिलांच्या बायपासला गेले. विमा होता, पण विम्यात न बसणाऱ्या गोष्टींचं बिल वेगळं येतं, हे तिथे बसल्यावर कळतं. आणि हप्ता. 2021 च्या अखेरीस घरासाठी 50 लाखांचं कर्ज घेतलं, 6.7 टक्के, वीस वर्षं, हप्ता 37,870. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर 4 वरून 6.5 वर गेला, त्याला जोडलेला माझा दर 9.2 झाला. 50 लाखांवर 9.2 ने महिन्याचं नुसतं व्याज 38,333 होतं. हप्त्यापेक्षा जास्त! बँकेने हप्ता पंचेचाळीस हजारांच्या घरात नेला. 2025 मध्ये दर उतरायला लागले आणि त्याच वर्षी पगार थांबला. यात मी हॉटेलात किती वेळा जेवलो याचा काय संबंध?

प्राणायामाबद्दल: करतो. सकाळी आठला सोसायटीच्या गेटवर कंपनीच्या बसची रांग लागते. मी दूध आणायला बाहेर पडतो तेव्हा वॉचमन विचारतो, "साहेब, वर्क फ्रॉम होम का?" मी हो म्हणतो. तीन महिने झाले. तो अजून विचारतो, आणि त्याला सगळं माहीत आहे.

जुनाजाणता

वाईट वाटलं. पण माझ्या लेखावर राग काढून उपयोग नाही. मी राष्ट्रीयीकृत बँकेत 36 वर्षं काढली. 1991 मध्ये देशाचं सोनं गहाण पडलेलं पाहिलं. तेव्हा घरं पंधरा टक्क्यांच्या पुढे व्याजाने घ्यावी लागत आणि आम्ही घेतली नाहीत, भाड्याने राहिलो. 6.7 टक्के हा दर महामारीचा होता, तो कायमचा समजून 50 लाख उचलले ही चूक कुणाची? आणि तोवर तुमचं मुद्दल थोडं उतरलं असणार, 50 लाखांवर हिशेब करणं बरोबर नाही.

बिनपगारी फुल अधिकारी

उतरलं होतं, दीड लाखाच्या आसपास. म्हणजे व्याज 37 हजार दोनशे-तीनशे. हप्ता 37,870. बाकीच्या सहाशे रुपयांत मी किती वर्षांत घराचा मालक झालो असतो तेही सांगा.

चहाटळ

@जुनाजाणता, 'हप्त्यावर संसार केला नाही' म्हणता. मागे तुमच्याच दुसऱ्या लेखात स्कूटर स्टाफ सोसायटीच्या कर्जातून घेतल्याचं वाचलं होतं. पगारातून कापली जायची ती दक्षिणा होती काय?

जुनाजाणता

ती कपात होती. हप्ता आणि कपात यात फरक आहे. कपातीत माणूस आधी पगार बघून कर्ज काढतो.

चहाटळ

धन्य आहात.

भोसरीकर

माफ करा, पण आयटीवाल्यांचं रडगाणं ऐकून आता कान किटले. माझं भोसरीत जॉबवर्कचं शेड आहे, दोन सीएनसी, एक व्हीएमसी (संगणकावर चालणारी मशिनं), सात माणसं. 2019 ला ऑटोची मंदी आली तेव्हा मोठ्या कंपन्यांनी ब्लॉक क्लोजर लावले, म्हणजे काही दिवस कारखानाच बंद, आठवड्याचे तीन दिवस आमच्याकडे काम नाही. एक ओळ बातमी नाही. तुमच्याकडे बारा हजार गेले की देशभर चर्चा!

आणि पेमेंट. कायद्याने लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्यायचे. मग आयकरातही 43बी(एच) हे कलम आणलं, वेळेत नाही दिलं तर त्या वर्षी खर्च धरता येत नाही. झालं काय? एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या खरेदी खात्याने तोंडी सांगितलं, पुढची ऑर्डर हवी असेल तर बिल उशिरा टाका. मी 120 दिवसांनी पैसे बघतो आणि सात तारखेला पगार करतो. करतो कारण मुलं यूपी-बिहारची, एकदा गेली की येत नाहीत. माणुसकी-बिणुसकी नाही, उगाच टाळ्या नकोत.

गिरणगावकरीण

जुनाजाणता, तुमच्या पिढीत माझे वडीलही होते. 18 जानेवारी 1982, मुंबईच्या कापड गिरण्यांतून अडीच लाख माणसं संपावर बाहेर पडली. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, त्यामुळे तो संपला कधी हे आमच्या घरात कुणी सांगू शकत नाही. वडील साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे. दोन वर्षं रोज डबा घेऊन गेटवर जायचे. नंतर गेटवर जाण्यात अर्थ नाही हे कळल्यावरही डबा घेऊन बाहेर पडायचे, कुठे जायचे ते आईने कधी विचारलं नाही. आईने आधी पाटल्या विकल्या, मग दहा जणांची खानावळ चालवली. तेव्हाही येणारे-जाणारे सांगायचे, धीर धरा, संपाचे पुढारी दत्ता सामंत साहेब मार्ग काढतील. दुसरे सांगायचे, गावाला जा, शेती करा. शेती कसली, दीड एकर वरकस, त्यात चार भाऊ.

सल्ला देणारा माणूस नेहमी पगारावर किंवा पेन्शनीवर असतो, एवढंच मी बघितलंय.

एडिसनचा बाळू

इथे अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेली की 60 दिवस. तेवढ्यात दुसरी मिळवा किंवा बाड-बिस्तरा आवरा. मुलीची शाळा, गाडीचं कर्ज, सगळं साठ दिवसांत. 2023 मध्ये मी 52 व्या दिवशी वाचलो. भारतात निदान कुणी देशाबाहेर काढत नाही.

चहाटळ

बाळूशेठ, तुमच्या दुःखाचा विनिमय दर काय चाललाय सध्या?

एडिसनचा बाळू

हे अपेक्षितच होतं. पुन्हा लिहिणार नाही.

चकली

सगळे आपापली दुःखं मांडताय, मांडा. पण मूळ लेखातला 'मावशींना सुट्टी द्या' कुणालाच खटकला नाही? धागाकर्त्याने यादीत घेतला आणि पुढे गेला. भोसरीकरांनी माणसं ठेवली ते 'मुलं परत येत नाहीत' म्हणून. मावशी परत येतात, म्हणून काढायच्या?

आमच्याकडे येतात त्या पाच घरं करत होत्या. दिवाळीपर्यंत दोन राहिली. सुटलेल्या तिन्ही घरांत आयटीवाले. त्यातल्या एकीने 'पुढच्या महिन्यापासून नको' असा आवाजी निरोप पाठवला. महिन्याचा पगार सोडा, आठवड्याची मुदत नाही. एचआरने वीस मिनिटं दिली याचं तुम्हाला आयुष्यभराचं दुःख, आणि इथे बावीस सेकंदांचा निरोप!

जुनाजाणता

ताई, 'सुट्टी द्या' म्हणजे काढा असं नाही. स्वतःची कामं स्वतः करण्यात लाज नको, एवढाच हेतू होता.

चकली

पगारी सुट्टी का?

जुनाजाणता

ते ज्याच्या त्याच्या ऐपतीवर. आमच्याकडे आजही दोघी येतात, 2020 मध्ये चार महिने आल्या नाहीत तरी पूर्ण पगार दिला. पण मला पेन्शन आहे. ज्याची नोकरीच गेली त्याने मावशींचे पैसे उसने काढून द्यायचे का? कर्जाचा हप्ता चुकला की सिबिल (कर्जाची पत) जातं, मावशींचा चुकला तर जात नाही. हे कडू आहे पण हिशेब आहे.

गिरणगावकरीण

वा. बँकवाले शेवटी बँकवालेच.

जुनाजाणता

तुमच्या वडिलांबद्दल आदर ठेवून सांगतो, वैयक्तिक होऊ नका.

भोसरीकर

मावश्यांबद्दल बोलायचं तर आमच्या शेजारी पाच ते सात घरं करून महिन्याला वीस हजार काढतात, वर सुट्ट्या. माझा आयटीआय झालेला हेल्पर सोळात येतो.

चकली

मग हेल्परला भांडी घासायला पाठवा. गंमत वाटते का? पहाटे पाचला उठून चार जिने चढून दुसऱ्याची खरकटी काढा आणि मग आकडे सांगा. ना पीएफ, ना ग्रॅच्युइटी. महाराष्ट्रात 2008 पासून घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. आमच्या मावशींची नोंदणी करायला मी स्वतः गेले होते. 90 दिवस काम केल्याचा दाखला मालकाने द्यायचा. पाच घरांपैकी चार घरांनी सहीला नकार दिला, 'उद्या काही क्लेम केलं तर?' सगळे सुशिक्षित. एका दारावर फुल्यांचा पुतळा होता, शप्पथ.

चहाटळ

अवांतर: पगारपत्रकावर महिन्याला 200 रुपये (फेब्रुवारीत 300) व्यवसायकर कापतात ना? तो 1975 मध्ये रोजगार हमीसाठी सुरू झाला. 72 च्या दुष्काळानंतर शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या बेकाराला हात द्यायचा, अशी कल्पना. आता शहरातला पगारदार बेकार झाला तर त्याला हमी कसली? धागाकर्त्याने एकोणीस वर्षं भरला. त्याला खडी फोडायला तरी बोलवा.

भोसरीकर

हे माहीत नव्हतं. मी मालक म्हणून दरवर्षी अडीच हजार वेगळे भरतो आणि शिव्या घालतो. शिव्या चालूच राहतील.

चकली

विषय बदलू नका. @बिनपगारी फुल अधिकारी, सरळ विचारते. तुमच्याकडे मावशी येतात की नाही?

चहाटळ

धागाकर्ता गायब.

चकली

दोन दिवस झाले. उत्तर मिळालं समजते.

बिनपगारी फुल अधिकारी

गायब नव्हतो. एक मुलाखत होती, बाणेरला. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान पोराने घेतली, सारखा 'सर' म्हणत होता, तेव्हाच कळलं होणार नाही.

मावशींचं. सप्टेंबरात बंद केलं. निरोप मीच दिला, समोर, स्वयंपाकघरात. त्यांनी विचारलं, "माझ्या हातून काही चुकलं का?" मी म्हटलं, नाही, आमचंच जरा. त्या म्हणाल्या, "मग असू दे, साहेब, मोकळं झालं की सांगा." दहा दिवसांचे पैसे जास्त दिले. तेव्हा ते बरेच वाटले होते. एचआरवाल्यांना पण त्यांचं पॅकेज बरंच वाटत असेल.

मूळ धाग्यात मी ते वाक्य यादीत टाकून पुढे गेलो ते का, हे चकलीताईंनी बरोबर पकडलं. पण ताई, तुमचा प्रश्न जितका सोपा वाटतो तितका नाही. चार हजार होते महिन्याचे. चार हजारांत वडिलांच्या महिन्याच्या गोळ्या येतात. कुठलं आधी, हे तुम्ही माझ्या जागी बसून ठरवा.

चकली

नाही ठरवता येणार. मान्य. पण सही तरी द्या त्यांना, मागचं काम केल्याची. त्याला पैसे लागत नाहीत.

बिनपगारी फुल अधिकारी

देतो. नंबर आहे अजून.

जुनाजाणता

हप्त्याचं गणित मी कागदावर करून बघितलं. आकडे बरोबर आहेत. बँकेने तेव्हाच पत्र पाठवून हप्ता वाढवू की मुदत असं विचारायला हवं होतं. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेला तसं परिपत्रक काढावं लागलं, म्हणजे विचारत नव्हते हे उघड आहे. आता दर उतरलेत, तुमचा स्प्रेड (रेपोवर बँक लावते तो जादा टक्का) जुनाच ठेवलाय का ते शाखेत जाऊन बघा, अर्ज केल्याशिवाय कुणी कमी करत नाही. हप्ता चुकायच्या आधी जा, नंतर नाही. प्राणायामाचा मुद्दा मात्र मी मागे घेणार नाही.

चहाटळ

हा उपाय मूळ लेखात पहिला असता तर हा धागा निघालाच नसता.

जुनाजाणता

मूळ लेख सर्वसामान्य वाचकांसाठी होता.

भोसरीकर

@बिनपगारी, टेस्टिंग म्हणजे क्वालिटीच ना? माझा इन्स्पेक्टर चाकणला पळाला. व्हर्निअर-मायक्रोमीटर आठवड्यात शिकवतो. बावीस हजार, त्यावर एक रुपया नाही. चेष्टा करत नाहीये.

बिनपगारी फुल अधिकारी

बावीस हजारांत हप्ताही अर्धाच निघतो.

शेड कुठल्या ब्लॉकमध्ये आहे? व्यनि (खाजगी निरोप) करा. आणि बस किती वाजता असते तिकडे?

भोसरीकर

बस कसली, दुचाकीने या. साडेआठ. वॉचमनला सांगून ठेवतो.