आमवाताची गोळी, कोरोना आणि रात्रीची धास्ती

पेठेतली ताई (जून २०२०)
कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. रुमॅटॉइड आमवात आहे. रविवारी मेथोट्रेक्सेट, सोमवारी फॉलिक अॅसिड आणि रोज हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन. मार्चमध्ये ही रोजची गोळी कोरोनावर चालते अशी बातमी आली आणि दुकानांतून गायबच झाली. महाद्वार रोडपासून राजारामपुरीपर्यंत मुलगा हिंडला. २६ मार्चला सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्रीवर बंधन घातलं, मग हळूहळू मिळायला लागली.

गोळी मिळाली, पण मन काही ताळ्यावर येईना. सकाळी बोटं इतकी आखडतात की सांडशीत चहाचं पातेलं धरवत नाही. दूधवाल्याने कडी वाजवली तरी छातीत धस्स होतं. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध घेतेय, मला कोरोना झाला तर? रविवारची गोळी हातात घेऊन तशीच बसून राहते. रात्री जाग आली की पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. सासूबाई म्हणतात, "जग मरायला लागलंय आणि तू बोटांचं काय घेऊन बसलीस!" आणखी कुणाचं असं होतंय का?

इचलकरंजीकर
ताई, मला मणक्याचा वात आहे, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. पहिलं सांगतो, मनाने गोळी बंद करू नका. औषध सुटलं की दुखणं उसळतं, मग स्टिरॉइड वाढवावं लागतं, ते जास्त वाईट. ताप-खोकला आला तर लगेच डॉक्टरांना विचारा, थांबवायचं का ते ठरवतील. माझं इंजेक्शन पुण्याला असतं, लॉकडाऊनमध्ये जिल्ह्याबाहेर जायचा ई-पास मिळेना म्हणून लांबलंय. चिडचिड होते, पोरांवर ओरडतो.

गारगोटीचा
काढा प्या, नामस्मरण करा, सगळं जातं.

सिस्टर, शाहूपुरी
नामस्मरणाने बरं वाटत असेल तर जरूर करा, पण औषध सोडून नको. ताई, आमवातात उदासी फार जणांना येते. दुखण्याने झोप मोडते, झोप मोडली की दुखणं वाढतं. तेव्हा हे मनाचे खेळ म्हणून सोडून देऊ नका. मार्चपासून डॉक्टरांना फोनवर सल्ला द्यायची रीतसर मुभा आहे. बोटांचं सांगता तसंच झोपेचं, धास्तीचंही सांगा, गरज वाटली तर ते मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतील. जगणं नको वाटायला लागलं तर मात्र त्याच दिवशी घरच्यांना सांगा.

पेठेतली ताई
तसं काही मनात नाही, सिस्टर. फोन केला. झोपेचं विचारताना रडू आलं, डॉक्टरांनी ऐकून घेतलं. गोळी चालूच ठेवायची म्हणाले. काल घेतली. इचलकरंजीकर दादा, ई-पाससाठी डॉक्टरांचं पत्र जोडलंत का?