गलिव्हर, अंडं आणि सहा डोळ्यांची न्यायदेवता

'गलिव्हरच्या सफरी म्हणजे बुटक्यांची बालकथा' असं बरेच जण म्हणतात, ते मला पटत नाही. शाळेत लिलिपुटपाशीच, म्हणजे पहिल्या भागातल्या बुटक्यांच्या देशापाशीच, थांबवतात म्हणून तसं वाटतं.

जोनाथन स्विफ्टचं १७२६ सालचं हे पुस्तक. अंडं कोणत्या टोकानं फोडायचं यावरून लिलिपुट आणि शेजारचा देश ब्लेफुस्कू लढतात. बारीक टोकानं फोडण्यापेक्षा मरण पत्करलेल्यांचा आकडा तिथं ११,००० दिलाय. बुटक्यांपुढे राक्षसाएवढा असलेला प्रवासी गलिव्हर लिलिपुटच्या बाजूनं ब्लेफुस्कूची ५० जहाजं ओढून आणतो. मग लिलिपुटच्या बादशहाला अख्खं ब्लेफुस्कूच मांडलिक करायचं असतं. तिथं गलिव्हर अडतो: स्वतंत्र, शूर माणसांना गुलाम करायला मी हात लावणार नाही. मला वाटतं पुस्तकाचा जीव इथं आहे. लढाईत मदत केली म्हणून अन्यायातही करायची, असं नाही.

मी बेळगावजवळच्या खानापूरचा. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासूनचा सीमाप्रश्न घरात ऐकत वाढलो. भाषेचा प्रश्न अंड्याइतका क्षुल्लक मी कधीच मानणार नाही; जमिनीचा उतारा आपल्या भाषेत वाचता यावा, एवढं मागण्यात गैर काय? पण शेजारच्या कन्नड काकूंना शत्रू ठरवायला कुणी सांगितलं, की मला ते ब्लेफुस्कू आठवतं. आईच्या आजारपणात पहिल्यांदा त्याच धावून आल्या होत्या.

आणखी एक. लिलिपुटच्या न्यायदेवतेला सहा डोळे आहेत: दोन पुढे, दोन मागे, एकेक दोन्ही बाजूंना. उजव्या हातात सोन्याची उघडी थैली, डाव्यात म्यान केलेली तलवार. शिक्षेपेक्षा बक्षिसाकडे तिचा ओढा जास्त. पहिल्या भागाचं सहावं प्रकरण जरूर काढून वाचा.